थेल्माबाईंचा निळा बिल्ला

'पाचच मिनिटं हं!' पार्किंगमधलं सगळ्यात खोटं वाक्य हेच. गेली सोळा वर्षं मी उत्तर इंग्लंडातल्या हॅसलवर्थच्या सुपरमार्केटबाहेर ट्रॉल्या गोळा करतोय, तेव्हा हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. दाराला लागून अपंगांसाठी राखलेल्या अकरा चौकटी आहेत, त्यांत चाकाच्या खुर्चीचं चित्र. त्यांच्या पलीकडे लेकुरवाळ्यांसाठी आठ रुंद चौकटी, त्यांत बाबागाडीचं चित्र. चित्रं चांगली दांडगी आहेत. पण ती दिसायला खाली बघावं लागतं, आणि आमच्या गावातली माणसं तिथे गाडी घालताना नेमकी आभाळाकडे बघतात.

एक बाप मागच्या सीटवरची रिकामी बाळखुर्ची दाखवून म्हणतो, "पोर आज आजीकडे आहे, पण खुर्ची आहे ना!" एक बाई मिसरूड फुटलेल्या मुलाच्या खांद्यावर हात टाकून म्हणते, "मग? माझंच लेकरू आहे!" आणि काळ्या धिप्पाड गाडीचा एक गृहस्थ आहे. तो दर गुरुवारी अपंगांच्या चौकटीत गाडी घुसवतो, धावत आत जातो (धावत!) आणि जाता जाता मला पाच बोटं दाखवतो. मी त्याचं नावच 'पाच मिनिटं' ठेवलंय. मला काहीही करता येत नाही. मॅनेजरचा नियम असा, की गिऱ्हाइकाला हसून आठवण करून द्यायची आणि बाजूला व्हायचं. सोळा वर्षं हसून माझे गाल दुखायला लागलेत.

हे सगळं डोक्यात बसलंय ते थेल्माबाईंमुळे.

थेल्मा बर्टविसल, वय एकोणसत्तर. दर बुधवारी केस सेट करून घ्यायच्या आणि गुरुवारी दहाला दहा कमी असताना आपली छोटी पांढरी गाडी घेऊन हजर व्हायच्या. अंगात वांगी रंगाचा कोट, ओठांवर लिपस्टिक, ताठ मान. बघणाऱ्याला वाटावं, ही बाई आत्ता नाचाच्या वर्गाला निघालीय. आत फुप्फुसांची चाळण झालेली. पंधराव्या वर्षी गिरणीत लागल्या आणि गिरणी बंद पडेपर्यंत कापसाचा भुगा हुंगत राहिल्या. चाळीस पावलं चालल्या की दम संपायचा. दारापासून तिसरी चौकट त्यांची आवडती, माझ्या ट्रॉल्यांच्या गोठ्याला लागून. तिथून दार बत्तीस पावलांवर आहे. मी मोजलंय.

माझी आई त्याच गिरणीत होती. मागांच्या खडखडाटात तिथे कुणाचं कुणाला ऐकू जायचं नाही, म्हणून बायका आवाज न काढता नुसते ओठ मोठमोठे हलवून बोलायच्या. आमच्याकडे त्याला 'मीमॉ' म्हणतात. थेल्माबाईंना ते माझ्या आईनं शिकवलं, आणि आई घरीही तसंच बोलायची म्हणून मी शिकलो. त्या बोलण्याची एक गंमत होती. कुणाला दिवस गेलेत, कुणाचा नवरा मारतो, कुणाला जीव नकोसा झालाय, हे बायका मोठ्यानं कधी बोलल्या नसत्या. ओठांनी मात्र सगळं सांगून मोकळ्या व्हायच्या.

थेल्माबाई गाडीतून उतरल्या की पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मला ओठांनी सांगायच्या, "अरे राजा, पाठीमागे बघ, तुझ्या ट्रॉल्या पळाल्या." मी दचकून वळायचो. ट्रॉल्या जागेवर असायच्या आणि बाई हसून हसून खोकत असायच्या.

दम दाखवता येत नाही, ही त्यांची खरी अडचण. कौन्सिलनं दिलेला निळा बिल्ला गाडीच्या काचेमागे ठेवला, की त्या चौकटीत उभं राहायचा हक्क मिळतो. त्यांच्याकडे तो होता, तरी त्या चोरासारख्या वागायच्या. अकरापैकी एकच जागा उरली असेल तर त्या घ्यायच्याच नाहीत. गाडी फिरवत राहायच्या.

"घ्या की, थेल्माबाई! कुणाची वाट बघताय?" मी ओरडायचो.

"माझ्यापेक्षा गरजू कुणी आलं तर? ते बरं दिसतं का?"

आणि मग एका गुरुवारी त्यांच्या वायपरखाली चिठ्ठी निघाली. 'तुम्हाला लाज वाटायला हवी. तुम्ही अपंग दिसत नाही.' माझं डोकंच फिरलं. कॅमेऱ्यात बघून शोधून काढतो म्हणालो. थेल्माबाईंनी चिठ्ठीची नीट घडी घातली.

"अक्षर किती वळणदार आहे बघ. हल्ली कुणाचं असतं असं?"

"अक्षराचं काय लोणचं घालायचंय? असं लिहिणाऱ्याला धरून—"

"क्लाईव्ह, खरं सांग. मी थोडं लंगडत जाऊ का रे?"

"लंगडून काय होणार? तुमचा दम गेलाय, पाय नाही!"

"दम दिसत नाही ना पण. बघणाऱ्याला उगीच त्रास होतो."

पुढच्या गुरुवारी त्या नवऱ्याची काठी घेऊन आल्या. स्टॅन्ली जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. तो सहा फुटांच्या वर होता, त्यामुळे काठी बाईंच्या काखेपर्यंत यायची. काठीचा त्यांना कणभर उपयोग नव्हता, उलट ओझंच. गाडीपासून दारापर्यंत ती मिरवायची आणि आत गेल्यावर ट्रॉलीला अडकवून ठेवायची, असा कार्यक्रम सुरू झाला. लोकांच्या मनाचं समाधान व्हावं म्हणून स्वतः दमणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

खरेदी एकट्या जिवाची, ती वीस मिनिटांत व्हायची. नंतर आतल्या कॅफेत चहाची किटली आणि बेदाण्याचा भाजलेला पाव. माझी सुट्टीही मी तेव्हाच घ्यायचो. बाईंना मूलबाळ नव्हतं, भाची दूर दक्षिणेकडे. शेजारचं घर रिकामं. आठवड्यात त्या माणसांत यायच्या ते एवढ्या दीड तासापुरतं, आणि हा दीड तास त्या निळ्या बिल्ल्यावर उभा होता. जवळच्या साध्या जागा सकाळीच भरतात, त्यामुळे बिल्ला नसला की गाडी लावायची तर थेट खालच्या टोकाला, रिकाम्या बाटल्या टाकायच्या कुंड्यांपाशी. तिथून दार दीडशे पावलं, तीही चढाची.

बिल्ल्याची मुदत तीन वर्षांची. या खेपेला कौन्सिलनं नुसता कागद न घेता तपासणीला बोलावलं. मी बजावून ठेवलं होतं, "हे बघा, सगळं सांगायचं. वाईटात वाईट दिवस सांगायचा."

"हो रे बाबा, सांगते."

काय सांगितलं ते पुढच्या गुरुवारी कळलं. बुधवार नसतानाही केस सेट करून गेल्या. धापा टाकत समोर जाणं बरं दिसत नाही म्हणून अर्धा तास आधी पोचल्या आणि खाली बाकावर बसून दम खाल्ला. काठी घरी ठेवली.

"का?" मी विचारलं. "दर गुरुवारी मिरवता ती काठी, आणि नेमकी त्याच दिवशी घरी?"

"अरे, काठी मला कुठे लागते? सरकारी माणसापुढे खोटं कसं वागायचं?"

"बरं, मग?"

"मुलगी फार गोड होती. तिलाच सर्दी झाली होती बिचारीला. मी माझ्याकडची खोकल्याची गोळी दिली. तिनं विचारलं, 'कशी आहे तब्येत?'"

"आणि तुम्ही काय म्हणालात?" विचारलं खरं, पण उत्तर मला ठाऊक होतं. आमच्या या भागात त्या प्रश्नाला एकच उत्तर असतं. पाय कापून ठेवलेला माणूस खाटेवरून तेच देतो. माझी आई मरायच्या दिवशी नर्सला तेच म्हणाली होती.

"म्हटलं, तसं बरंय. कुरकुर कशाला?"

मी पाव खाली ठेवला.

"मग तिनं मला व्हरांड्यातून चालवलं. मधे एक खिडकी होती, तिथे मी जरा थांबले, बाहेर बघितलं. छान बाग केलीय रे त्यांनी."

बाग बघायला त्या थांबल्या नव्हत्या. दम संपला की त्या कुठेही थांबायच्या आणि काहीतरी बघायच्या. दुकानाच्या काचेतली बुटांची जाहिरात, कुणाचं कुत्रं, भिंतीवरची नोटीस. वर्षानुवर्षं थांबून थांबून त्यांनी गावातली प्रत्येक नोटीस वाचून काढली होती.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. बिल्ला नामंजूर. अर्जदार प्रसन्न दिसल्या, आधाराशिवाय चालल्या, विशेष तक्रार नसल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं. वाटेत एकदा थांबून त्यांनी बागेचं कौतुक केलं. हेही लिहिलं होतं.

फेरविचारासाठी महिनाभराची मुदत होती. मी कॅफेत कागद-पेन घेऊन बसलो.

"किती पावलांवर थांबता?"

"थांबत नाही रे. जरा इकडेतिकडे बघते."

"थेल्माबाई!"

"बरं, लिही. कधीकधी थांबते."

"'प्रत्येक चाळीस पावलांवर थांबावं लागतं.' लिहिलं. जिना?"

"चढते की."

"कशा चढता?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाल्या, "बसून. एकेक पायरी. लहान पोरासारखी."

मी ते लिहिलं. रात्री उशा रचून बसून झोपतात तेही लिहिलं, आंघोळीला आठवड्यातले दोनच दिवस जमतं तेही. हे सगळं त्यांनी ओठांनीच सांगितलं. शेजारच्या टेबलावरच्या लोकांना वाटलं असेल, ही बाई घास चावतेय. दोन पानं भरली. वाचलं असतं तर दगडानं बिल्ला दिला असता.

"मी घरी नेते," बाई म्हणाल्या. "सुवाच्य अक्षरात उतरवून काढते. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

इथे मी चुकलो. तो कागद मी स्वतः पाकिटात घालून टपालपेटीत टाकायला हवा होता. पण असं कुणाच्या हातातून कागद ओढून घेणं आमच्यात बसत नाही, आणि मी तर त्यांच्याहून लहान. दिला.

त्यांनी काय पाठवलं ते मला मागाहून दाखवलं. त्यांच्याकडे कार्बनची प्रत होती. 'मला तशी फार तक्रार नाही,' अशी सुरुवात. बसून जिना चढण्याचं 'जिना सावकाश चढते' झालं होतं. आंघोळ गेली, उशा गेल्या. शेवटी त्या गोड मुलीचे आभार आणि तिच्या सर्दीची चौकशी. अक्षर मात्र देखणं होतं.

"हे काय केलंत तुम्ही?" मी कॅफेत ओरडलोच.

"ओरडू नकोस. अरे, ते सगळं कागदावर वाचलं आणि मला वाटलं, ही कोण बाई? इतकी रडकी? आपल्या नावावर असं कुणी वाचायचं म्हणजे..."

"म्हणजे बिल्ला मिळाला असता!"

"स्टॅन्लीला आवडलं नसतं," म्हणून त्यांनी चहा ओतला.

दुसरं पत्र आठवड्यातच आलं. पुन्हा नामंजूर, जुना बिल्ला परत पाठवा, असं त्यात होतं. मी म्हणालो, मुदत संपलेली असली तरी काचेत ठेवा, कोण मेलं बघतंय? पण तो त्यांनी केव्हाच पोस्टात टाकला होता.

"मग लेकुरवाळ्यांच्या चौकटीत लावा. मी तोंड फिरवून उभा राहतो."

"आणि पोर कुठून आणू? तुला मागच्या सीटवर बसवू का?" त्या हसल्या आणि त्या हसण्यातच त्यांचा दम गेला. टेबलाची कड धरून त्या बराच वेळ भिंतीवरची आगीची सूचना वाचत राहिल्या.

त्या दिवसापासून थेल्माबाईंची गाडी बाटल्यांच्या कुंड्यांपाशी लागायला लागली. टेकायला आधार व्हावा म्हणून मी गुरुवारी तिथे एक ट्रॉली ठेवून यायचो. स्वतः हात धरून न्यायला गेलो, तर त्यांनी मला झटकलं. "लोक काय म्हणतील? मी काय पेशंट आहे?" म्हणून मी दुरूनच बघायचो. दीडशे पावलं, चार थांबे. दिव्याचा खांब, झाडाचं कुंपण, पैसे काढायचं यंत्र, आणि शेवटी आमच्या दाराशी लावलेली हरवलेल्या मांजरांची यादी. आधी दहा मिनिटं लागायची, मग पंधरा. कॅफेत बसेपर्यंत चहा प्यायचीही ताकद उरायची नाही.

नोव्हेंबरातला गुरुवार होता. गारांचा मारा, वारा तोंडावर. थेल्माबाई कुंपणापर्यंत आल्या, पुढे यंत्रापर्यंत आल्या, आणि तिथून निघाल्यावर मधेच अडकल्या. जवळ धरायला काही नव्हतं. एक गाडी होती, तिच्या मागच्या काचेवर त्यांनी हात टेकला आणि वाकून उभ्या राहिल्या. दारापासून तिसरी चौकट. काळी, धिप्पाड गाडी. मी ट्रॉल्या सोडून धावलो, आणि समोरून दुधाची बाटली घेऊन 'पाच मिनिटं' आला.

सोळा वर्षांचं हसू त्या क्षणी संपलं. "ही जागा तुमच्या बापाची आहे का?" मी ओरडलो. "या बाईंची जागा आहे ही! दर गुरुवारची! बघा त्यांच्याकडे! बघा जरा!"

तो माणूस उद्धट असता तर बरं झालं असतं. तो ओशाळला. मनापासून ओशाळला.

"अरे देवा. बाई, माफ करा हं. मला काय माहीत? तुमच्याकडे बिल्ला आहे का? तुम्हाला हवी होती का ही जागा?"

मी थेल्माबाईंकडे बघितलं. फक्त 'हो' म्हणायचं होतं. तेवढा दम त्यांच्यात होता. त्यांनी काचेवरचा हात काढला, कोट सारखा केला आणि ताठ झाल्या.

"नाही, नाही. बिल्ला... नाहीये माझ्याकडे. माझं... तसं बरंय. तुम्ही... सावकाश."

त्यानं माझ्याकडे बघून खांदे उडवले. "झालं तर मग," म्हणाला आणि गाडी काढून निघून गेला. चौकट रिकामी झाली. बाई तिच्या मधोमध, त्या चाकाच्या खुर्चीच्या चित्रावर उभ्या होत्या, आणि गारा पडत होत्या. मग त्यांनी ट्रॉली वळवली आणि खरेदी न करताच परत बाटल्यांकडे चालायला लागल्या. मागोमाग मी गेलो, पण त्यांनी मला बाजूला येऊ दिलं नाही. मॅनेजरनं नंतर मला आत बोलावून हसायचा नियम पुन्हा समजावला.

पुढच्या गुरुवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी मी बसनं त्यांच्या घरी गेलो. दारात गाडी नव्हती, भाचीला देऊन टाकली होती. दार उघडायला त्यांना इतका वेळ लागला, की मी परत फिरणार होतो. केस सेट केलेले नव्हते. त्यांचे केस इतके विरळ आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. खाट खाली, बैठकीच्या खोलीत आणलेली. कोपऱ्यात स्टॅन्लीची काठी उभी होती.

"आता सगळं घरपोच येतं," त्या सांगत होत्या. "फार सोय झालीय. बेदाण्याचे पाव मागवले तर खसखशीचे पाठवले, पण खाल्ले मी. माझ्या चौकटीत कोण लावतं रे आता?"

"रिकामीच असते," मी थाप मारली.

"वा. म्हणजे कुणाला लागली तर आहे."

मी चहा केला. जुन्या गिरणीच्या गप्पा काढल्या, ट्रॉल्या पळाल्याची गंमत काढली. त्या हसल्या नाहीत, हसू परवडत नव्हतं. निघताना मी विचारलं, विचारायचं म्हणून विचारतात तसं, "बाकी तब्येत?"

"तसं बरंय. कुरकुर कशाला?"

फाटकापर्यंत जाऊन मी मागे वळून बघितलं. त्या उठून खिडकीशी आल्या होत्या, काचेला टेकून. ओठ हलत होते. मोठे, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून, माझ्या आईनं शिकवलं तसे. काचेवर वाफ धरत होती तरी मला स्वच्छ वाचता आलं.

"बरं नाहीये रे, राजा. भीती वाटते. जाऊ नकोस."

दार सहा पावलांवर होतं. मी परत गेलो असतो तर काय बोललो असतो, कुठे बघितलं असतं, त्यांना नंतर किती लाज वाटली असती, असलं काहीबाही माझ्या डोक्यात आलं. बसही समोर वळणावर दिसत होती. मी काही न वाचल्यासारखा अंगठा वर केला, हसलो, आणि बस पकडली.